लायसन्स देणाऱ्याची परीक्षा कोण घेतं?

आजचा भाग पायलटबद्दल आहे. विमानाच्या नाही, जहाजाच्या.

न्हावाशेवाला एखादं मोठं जहाज येतं, तेव्हा जग फिरून आलेला कॅप्टन त्याच्यावर असतोच. तरीही बंदराबाहेर एक छोटी बोट जहाजाला येऊन लागते, दोराच्या शिडीवरून एक माणूस वर चढतो, आणि तिथून आत जहाज कधी, कुठे, किती वळवायचं ते तो सांगतो. हा पायलट. त्याला जगातले सगळे समुद्र माहीत नसले तरी चालतं. एकच बंदर माहीत हवं, पण पाठ हवं. खडक कुठे आहेत, गाळ कुठे साचतो, भरतीची ओढ कुठल्या वेळी कुठल्या बाजूला असते, सगळं.

आता साधा प्रश्न. ‘याला हे येतं’ हे ठरवायचं कोणी?

इंग्लंडमध्ये हा प्रश्न पाचशे वर्षांपूर्वीच पडला होता. थेम्स नदीत कोणीही उठून पायलटचं काम करायचं. लंडनजवळच्या डेप्टफर्डच्या खलाशांनी राजाकडे, म्हणजे आठव्या हेन्रीकडे, तक्रार केली. खुल्या समुद्रावर कष्ट करून धंदा न शिकलेली पोरं जहाजं नेतायत, आणि परदेशी लोकांना आपल्या नदीच्या खाचाखोचा कळतायत, असा एकूण सूर. म्हणजे सुरक्षितता होतीच, पण थोडं आपलं पोट आणि थोडं राज्याचं गुपितही होतं. २० मे १५१४ रोजी राजाने त्यांना सनद दिली. हीच संस्था पुढे ट्रिनिटी हाउस म्हणून नावाजली. १६०४ मध्ये पहिल्या जेम्सने थेम्सवरच्या पायलटना लायसन्स देण्याचा हक्क फक्त तिलाच दिला.

यातली मुख्य गोष्ट लक्षात घ्या. परीक्षा घेणारे स्वतः दर्यावर्दी होते. आणि लायसन्स देणारा एकीकडे, बंदर चालवून पैसे मिळवणारा दुसरीकडे.

ही व्यवस्था थोड्याफार फरकाने विसाव्या शतकापर्यंत चालली. मग १९८७ चा पायलटेज कायदा आला आणि पुढच्या वर्षी लागू झाला. ट्रिनिटी हाउसकडे खोल समुद्रातल्या पायलटचं काम राहिलं. बंदरातल्या पायलटची जबाबदारी मात्र थेट त्या-त्या बंदराच्या प्राधिकरणाकडे गेली. पायलटचं वय किती हवं, तब्येत कशी हवी, अनुभव किती हवा, स्थानिक माहिती किती हवी, हे बंदराने ठरवायचं. कुठल्या जहाजाला पायलट सक्तीचा, हेही बंदरानेच ठरवायचं. शिवाय कायद्यात एक कलम असंही होतं की निव्वळ पायलटला परवाना दिला एवढ्यावरून त्याच्या चुकीमुळे झालेल्या नुकसानीला बंदर जबाबदार धरलं जाणार नाही. पायलटची सक्ती असली तरी जहाजाच्या मालकाची जबाबदारीही सुटणार नाही.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे हे कलम वाचल्यावर मला आमच्याकडचा एक प्रकार आठवतो. चालू सिस्टिमवर हात घालायचा अ‍ॅक्सेस कोणाला द्यायचा, हे एकजण ठरवतो. सिस्टिम पडली की सगळे शोधतात शेवटचं बटण कोणी दाबलं. अ‍ॅक्सेस कोणी दिला आणि काय बघून दिला, हे सहसा कोणी विचारत नाही.

वेल्समध्ये ते विचारलं गेलं.

१५ फेब्रुवारी १९९६, रात्रीचे आठ वाजून गेलेले. ‘सी एम्प्रेस’ नावाचा टँकर सुमारे १,३०,००० टन कच्चं तेल घेऊन मिलफर्ड हेवन बंदरात शिरत होता. बंदराचा पायलट जहाजावर होता. तोंडाशीच टँकर खडकावर घासला. मग खराब हवामान, जोरदार भरती-ओहोटी, जहाज सोडवण्याचे फसलेले प्रयत्न. आठवडाभरात सुमारे ७२,००० टन तेल समुद्रात गेलं. किनारे काळे पडले, हजारो पक्षी मेले, मासेमारी बंद ठेवावी लागली.

चौकशीत पहिल्या धडकेचं कारण पायलटची चूक असं निघालं. जहाज खोल पाण्याच्या पट्ट्यात ठेवायला जे करायला हवं होतं, ते त्याने केलं नाही. पण चौकशी तिथे थांबली नाही. एवढे मोठे टँकर हाताळण्याचं त्याचं प्रशिक्षण आणि अनुभव अपुरा होता, हेही अहवालात आलं. आत शिरण्याआधी कॅप्टन आणि पायलट यांच्यात नीट ठरलेली योजनाही नव्हती.

मग खटला उभा राहिला बंदराच्या प्राधिकरणावर. पाणी प्रदूषित केल्याचा गुन्हा त्यांनी कबूल केला. १९९९ मध्ये न्यायालयाने ४० लाख पौंडांचा दंड केला. पुढच्या वर्षी अपिलात, गुन्हा कबूल केल्याचा आणि बंदराच्या आर्थिक स्थितीचा विचार होऊन, तो साडेसात लाखांवर आला.

रक्कम घटली खरी. पण मुद्दा राहिला. जहाजावर पायलटची सक्ती तुम्ही करता, तो पायलटही तुम्हीच पुरवता, मग तो पुरेसा शिकलाय का हे बघणं तुमचंच काम. त्या कॅप्टनला दुसरा पायलट निवडायची सोयच नव्हती ना!

२००० साली ब्रिटनमध्ये बंदरांसाठी सुरक्षा संहिता आली. बंदर चालवणाऱ्या मंडळाने जबाबदारी स्वतःकडे घ्यायची, खाली ढकलायची नाही, हा तिचा गाभा. पण ती संहिता आहे, कायदा नाही.

जागतिक पातळीवरही असंच. जहाजावरच्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी १९७८ चा आंतरराष्ट्रीय करार आहे. बंदरातले पायलट त्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी २००३ चा ए-९६० नावाचा ठराव आहे. लायसन्सवर कुठला भाग, किती मोठं जहाज या मर्यादा लिहा, तब्येत तपासा, निदान दर पाच वर्षांनी क्षमता पुन्हा तपासा, असं तो सांगतो. सगळं शहाणपणाचं, पण शिफारस.

याला कारणही आहे. प्रत्येक बंदराचा तळ वेगळा. मिलफर्ड हेवनची प्रश्नपत्रिका न्हावाशेवाला चालणार नाही. परीक्षा स्थानिकच हवी. पण परीक्षा घेणाऱ्यावर नजर ठेवणारा तरी बाहेरचा असावा की नाही? १५१४ मध्ये तक्रार होती कोणीही पायलट होतो म्हणून. १९९६ ने दाखवलं की परवाना हातात असूनही माणूस अर्धा शिकलेला असू शकतो, आणि तेव्हा सही कोणाची होती, हे आधी बघायला हवं.

आजच्यापुरतं एवढंच. भेटू पुढच्या भागात.