औषध सापडलं, पण राहायचं कुठे?

हेडफोन लावलेत ना? आज परळच्या फुटपाथवरून सुरुवात करू या.

कॉलेजला असताना मी रोज टाटा हॉस्पिटलवरून जायचो. फुटपाथवर प्लास्टिकचा कागद अंथरलेला, शेजारी स्टोव्ह, उशाला रिपोर्टची फाईल आणि केस गेलेलं, तोंडाला मास्क लावलेलं एखादं पोरगं. मला कळायचं नाही, उपचार आत चालू आहेत, मग ही माणसं बाहेर का?

याचं उत्तर शोधायला १९४८ पर्यंत मागे जावं लागतं. तोपर्यंत ब्लड कॅन्सर झालेलं मूल काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत जायचं. ऐकायला कठोर वाटेल, पण आईबापांना लांबच्या मुक्कामाचा प्रश्नच पडत नसे. मग बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी १६ मुलांना अमिनोप्टेरिन नावाचं औषध दिलं. ते तयार झालं लेडर्ले कंपनीत, आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आपल्या आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. १६ पैकी १० मुलांना उतार पडला. थोडे दिवसच, आजार उलटला. पण वाट सापडली होती. पुढे अनेक औषधं एकत्र देऊन मुलं खरंच बरी होऊ लागली.

आता गंमत बघा. गंमत कसली, पेचच तो! हे उपचार दोन-तीन वर्षं चालतात. केमो झाली की पांढऱ्या पेशी उतरतात, साधा तापही जिवावर बेतू शकतो. म्हणजे हॉस्पिटलजवळच राहायला हवं, तेही स्वच्छ जागेत, ताजं शिजवलेलं खाऊन. टाटा हॉस्पिटल १९४१ पासून उभं आहे, पण तिथे येणारी माणसं बिहारची, बंगालची, मराठवाड्याची. बापाची मजुरी बुडते. धाकटं भावंड गावी आजीकडे राहतं आणि आई कधी येणार म्हणून विचारत बसतं. (या भावंडांवर खरं तर वेगळा भाग करायला हवा.) पैसे संपले, डोक्यावर छप्पर नाही, की कुटुंब उपचार अर्धवट सोडून गाव गाठतं. औषध असूनही मूल हातचं जातं.

हा पेच अमेरिकेतही होताच. फिलाडेल्फियाचा फुटबॉलपटू फ्रेड हिल, त्याच्या छोट्या मुलीला ल्युकेमिया झाला. तो आणि त्याची बायको हॉस्पिटलच्या खुर्च्यांवर झोपायचे, मशीनमधलं मिळेल ते खायचे. फिलाडेल्फियाच्याच डॉ. ऑड्री इव्हान्स यांना आईबापांसाठी हॉस्पिटलजवळ घर हवं होतं. हिल यांच्या टीमने पैसे उभे केले, मॅकडॉनल्ड्सने मिल्कशेक विकून हातभार लावला, आणि १९७४ मध्ये पहिलं रोनाल्ड मॅकडॉनल्ड हाऊस उघडलं.

आपल्याकडे ही रीत जुनीच. गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधल्या त्या देवळांपेक्षा माणसांसाठी. त्यांच्या नावाच्या दादरच्या धर्मशाळेत आजही कॅन्सरचे पेशंट उतरतात. परळला १९६८ पासून नाना पालकर स्मृती समिती आहे. पण खास मुलांसाठी, उपचार संपेपर्यंत मोफत राहायची सोय मुंबईत २००६ मध्ये सुरू झाली, सेंट ज्यूड इंडिया या संस्थेची.

तिथलं मला सगळ्यात आवडतं ते स्वयंपाकघर. जेवणाची आयती ताटं येत नाहीत. शिधा मिळतो आणि प्रत्येक आई आपल्या मुलासाठी आपल्या चवीचं रांधते. एकीकडे माशाचा झोल, शेजारी भाकरी. आणि पोळी फुगली नाही म्हणून रुसलेलं एखादं टकलू पोरगं.