ढाळज : घर आणि गाव यांमधील जागा



एखाद्या घराची परीक्षा करावयाची झाल्यास थेट माजघरापर्यंत जाण्याचे कारण नाही. दाराशी आलेल्या मनुष्याला ते घर कोठे थांबविते आणि कोठे बसविते, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. आमच्या ताडकळससारख्या, परभणी जिल्ह्यातील जुन्या गावी सधन घरांतून या कामासाठी एक स्वतंत्र जागाच बांधलेली असे. तिचे नाव ढाळज. फारसीत ‘दहलीज’ म्हणजे बाहेरचे दार व घर यांच्या मधली जागा. आमचा शब्द त्याच घराण्यातला दिसतो. हैदराबादेत तर प्रवेशद्वाराच्या ‘देवडी’ या नावानेच अमीर-उमरावांचे अवघे वाडे ओळखले जाऊ लागले.

ढाळजेची रचना मोठी विचाराची. बाहेर सागवानी दरवाजा. त्याच्या एका फळीत लहानशी दिंडी. रात्री भिंतीतल्या खोबणीतून अडसर ओढला की घर बंद. दिंडीतून शिरावयाचे तर मान लववावी लागे आणि उंच उंबरठ्यावरून पाय उचलून टाकावा लागे. पुढे त्याला नम्रतेचा अर्थ चिकटला. तथापि मूळ हेतू असा की कोणासही एकदम धावून आत घुसता येऊ नये. ज्याची वास्तुशांत 1732 साली झाली, त्या पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजास हत्तीची धडक चुकविण्यासाठी अणकुचीदार खिळे आहेत, आणि त्यातही दिंडी आहेच. खेड्यातील वाड्याने तीच युक्ती आपल्या ऐपतीप्रमाणे योजिली.

आत पाऊल टाकताच दोहों बाजूंस ओटे. भिंतीत दिव्यासाठी दिवळी, पागोटे व कंदील अडकविण्यास खुंट्या, कोपऱ्यात पाण्याचा रांजण. समोर बहुधा आडवी भिंत किंवा वळण. त्यामुळे पाहुणा घरात आला तरी घरातील बायामाणसे त्याच्या दृष्टीस पडत नसत. जाड भिंती आणि वर मातीचे माळवद असल्यामुळे वैशाखात बाहेर पारा बेचाळीस अंशांपलीकडे गेला तरी आत गारवा असे. रानातून आलेल्या मनुष्याने तेथेच पाय धुवावे, घोटभर पाणी प्यावे, अंग टाकावे. आजच्या बंगल्यातील गुबगुबीत कोचावर धुळीच्या पायांनी टेकण्याचा धीर होत नाही, ही गोष्ट निराळी!

सालारजंगांनी 1865 साली निजामाच्या राज्यात जिल्हाबंदी केली. माली पाटील आणि पटवारी यांची दफ्तरे पुढे पुष्कळदा घरच्या ढाळजेतच उघडली जात. साऱ्याचा हिशेब, वाटणीचा तंटा, सोयरिकीची बोलणी, सारे त्याच ओट्यावर. अर्थात तेथे बसणारा प्रत्येक जण आनंदाने बसे, असे मानण्याचे कारण नाही. हप्ता थकलेला कुणबीही तेथेच ताटकळत राही.

गोरगरिबांच्या घरास ढाळज नव्हती, ताटी होती. कुडाची ती झडप लावली की दार बंद. मुक्ताबाईच्या अभंगांना तिच्यावरूनच नाव पडले. उंबरा मात्र सर्वांस होता. गाव केवढे, असे विचारले असता जुनी मंडळी ‘दोनशे उंबऱ्यांचे’ असे उत्तर देत.

परंतु या आतिथ्याची दुसरी बाजू सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ओट्यावर कोणी बसावे, पायरीपाशी कोणी थांबावे आणि बाहेर उन्हात कोणी उभे राहावे, हे जातीवरून ठरलेले असे. पाण्याचा रांजण सावलीत होता खरा, पण तो सर्वांसाठी नव्हता. पंढरपुरास महाद्वाराशी नामदेवांची पायरी आहे आणि चोखोबांची समाधीही तेथेच, मंदिराच्या बाहेर आहे. ते मंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी 1947 च्या मे महिन्यात दहा दिवस उपोषण केले. 26 जानेवारी 1950 रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. खेड्यातील ओट्यांवर ते कलम पोहोचावयास मात्र त्यानंतर कितीतरी वर्षे लागली. ढाळज गेली म्हणून हळहळणाऱ्यांनी हेही ध्यानी ठेवावे.

ती गेली कशी? वाटण्या झाल्या, सागवान महागले, आणि माळवदावर दर पावसाळ्यापूर्वी माती टाकणारे हात उरले नाहीत. शिवाय 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे मृत्युमुखी पडली; त्यांतील कित्येक दगडमातीच्या जड भिंतींखाली व माळवदाखाली गाडली गेली. तेव्हापासून मराठवाड्यात जुन्या घराविषयी माणसाच्या मनात धास्ती बसली, आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही.

आता सरकारी घरकुलाचे किमान क्षेत्र पंचवीस चौरस मीटर, म्हणजे सुमारे 269 चौरस फूट. एवढ्यात ढाळज कोठून यावयाची? तरीही आमच्या भागातील लोक काय करितात ते पाहण्यासारखे आहे. छताचे पत्रे भिंतीपुढे दोन-तीन हात ओढून घेतात, खाली शहाबादी फरशीचा ओटा घालितात आणि दाराशेजारी पाण्याचा माठ ठेवितात. तिन्हीसांजेला म्हातारी माणसे तेथे येऊन बसतात, आणि रस्त्याने जाणारा ओळखीचा मनुष्य चपला काढण्याच्या भानगडीत न पडता घटकाभर टेकतो.