ब्लेड नवं, तरी फळी वाकडी का निघते? पोर्टेबल सॉ मिलचे ब्लेड गाइड कधी आणि कसे बदलायचे

अमेरिका-कॅनडातले लोक अंगणात छोटी मशीन लावून अख्ख्या ओंडक्याच्या फळ्या पाडतात, असे रील्स तुम्ही नक्की पाहिले असतील. ओंडका जागेवरच असतो, मशीनचं डोकं रुळावरून पुढे सरकतं आणि केकचा थर निघावा तशी फळी सुटी होते. या मशीनला पोर्टेबल बँड सॉ मिल म्हणतात.

रीलमध्ये न दिसणारी गोष्ट वेगळी आहे. काही महिन्यांच्या वापरानंतर याच मशीनमधून फळ्या लाटांसारख्या निघायला लागतात. एका बाजूला २५ मिमी, तर दुसऱ्या बाजूला २२. मालक ब्लेड बदलतो, पण फरक पडत नाही. अशा वेळी दोष बऱ्याचदा मुठीत मावेल एवढ्या एका पार्टचा असतो. त्याचं नाव ब्लेड गाइड. हा पार्ट काय करतो, का झिजतो आणि तो बदलताना लोक कुठे चुकतात, ते समजून घेऊ.

आधी मशीन समजून घेऊ

बँड सॉ म्हणजे पट्ट्याची करवत. स्टीलचा लांबलचक पट्टा दोन चाकांवर ताणून बसवलेला असतो आणि तो एकाच दिशेने गरागरा फिरतो. या छोट्या मिलमधला पट्टा साधारण ३२ मिमी रुंद आणि जेमतेम १.१ मिमी जाड असतो. वुड-मायझर ही या क्षेत्रातली मोठी कंपनी १९८२ साली अमेरिकेतल्या इंडियानापोलिसमध्ये सुरू झाली. तिच्या एलटी४० या लोकप्रिय मॉडेलचा पट्टा साधारण ४ मीटर लांबीचा असतो.

पातळ पट्ट्याचा फायदा सरळ आहे. गोल करवत एका कापात ६ मिमीच्या आसपास लाकडाचा भुसा करते, तर बँड सॉ साधारण २ मिमीचा. म्हणजे तेवढ्याच ओंडक्यातून जास्त फळ्या निघतात.

पण पातळ पट्टा वाकतोही लवकर. लाकडात गाठ आली की तो वर किंवा खाली पळायला बघतो. त्याला सरळ ठेवण्याचं काम ब्लेड गाइड करतात.

ब्लेड गाइड नेमकं करतं काय?

ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक गाइड असतं. एक जागेवर पक्कं असतं. दुसरं ओंडक्याच्या रुंदीप्रमाणे आत-बाहेर सरकवता येतं. ते ओंडक्याच्या जितकं जवळ, तितका पट्टा स्थिर.

गाइडचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत:

- रोलर गाइड: पट्ट्याच्या वर एक स्टीलचा रोलर असतो. तो पट्ट्याला साधारण ६ मिमी खाली दाबून ठेवतो. या दाबामुळे पट्टा थरथरत नाही. रोलरच्या मागच्या बाजूला उंच कड असते, तिला फ्लँज म्हणतात. लाकडाच्या रेट्याने पट्टा मागे सरकला, तर ही कड त्याला अडवते.
- ब्लॉक आणि बेअरिंग गाइड: इथे पट्ट्याच्या वर-खाली छोटे ठोकळे असतात आणि पाठीमागे एक बेअरिंग. ठोकळे आणि पट्टा यांच्यात कागदाच्या जाडीएवढीच फट ठेवतात.

काही मशीनमध्ये दोन्ही असतात: वर रोलर, खाली ठोकळा.

मग ते झिजतं का?

कारण ते सगळ्यात वाईट जागी बसलेलं असतं. ओला भुसा, झाडाचा चीक, सालीतली वाळू आणि वरून सतत ठिबकणारं पाणी, हे सगळं थेट गाइडवर येतं. बेअरिंगचं सील थकलं की पाणी आत जातं, ग्रीस धुऊन निघतं आणि गोळ्यांना गंज चढतो.

दुसरं कारण म्हणजे चुकीची सेटिंग. मशीन रिकामी फिरत असताना पट्ट्याची पाठ फ्लँजला टेकायला नको. मशीनप्रमाणे दोघांमध्ये साधारण १.५ ते ३ मिमी अंतर ठेवतात. हे अंतर नसेल तर पट्टा दिवसभर फ्लँजला घासतो. मग फ्लँजवर खाच पडते आणि पट्ट्याच्या पाठीला बारीक चिरा जातात. अशा चिरेतूनच पट्टा पुढे तुटतो.

बदलायची वेळ झाली, हे कसं ओळखायचं?

मशीन पूर्ण बंद करून, पट्टा काढून या गोष्टी तपासायच्या:

- रोलर बोटाने फिरवला की खरखर जाणवते किंवा तो अडकत फिरतो.
- रोलर धरून हलवला की तो शाफ्टवर डुलतो.
- सील फाटलंय आणि आतून तांबूस गंज डोकावतोय.
- रोलरवर एकाच जागी सपाट डाग आहे. म्हणजे बेअरिंग जाम होतं आणि पट्टा त्यावर नुसता घासत होता.
- रोलरचा पृष्ठभाग एका बाजूला जास्त झिजून निमुळता झालाय, किंवा फ्लँजवर पट्ट्याची खाच पडलीय.

एक सावधगिरी. फळी लाटेसारखी निघाली की लगेच गाइडला दोष देऊ नका. बोथट ब्लेड, कमी ताण आणि घाईने पुढे ढकललेलं डोकं, या तिन्ही गोष्टींमुळे तसंच होतं. म्हणून आधी धार लावलेलं चांगलं ब्लेड चढवून, ताण बरोबर ठेवून एक काप घ्यावा. तरीही फळी बिघडली, तर गाइडकडे वळायचं.

पूर्ण गाइड घ्यायचं की फक्त बेअरिंग?

रोलर गुळगुळीत आणि फ्लँज शाबूत असेल, तर नुसती बेअरिंग बदलून भागतं. रोलर निमुळता झाला असेल, खाच पडली असेल किंवा शाफ्ट वाकला असेल, तर तो भागही बदलावा लागतो. झिजलेल्या रोलरमध्ये नवी बेअरिंग टाकली की आवाज थांबतो, पण फळी वाकडीच राहते.

बेअरिंग घेताना तिच्या कडेवर कोरलेला नंबर बघायचा. उदाहरणार्थ ६२०४. ०४ आणि त्यापुढच्या नंबरांत शेवटच्या दोन आकड्यांना ५ ने गुणलं की आतल्या भोकाचं माप मिळतं. म्हणजे ६२०४ चं भोक २० मिमी, ६२०५ चं २५ मिमी. ६२०३ ला मात्र हा हिशोब लागू होत नाही, तिचं भोक १७ मिमी, बाहेरचा व्यास ४० मिमी आणि रुंदी १२ मिमी असते.

नंबरच्या पुढची अक्षरंही महत्त्वाची आहेत. ‘२आरएस’ म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील, ‘झेडझेड’ म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण. पाणी आणि भुसा असलेल्या जागी रबरी सीलवालीच घ्यावी.

शक्यतो दोन्ही बाजूंचे रोलर जोडीने बदलावेत. एक नवा आणि एक झिजलेला असेल, तर त्यांचे व्यास वेगळे पडतात आणि पट्टा एका बाजूला जास्त दाबला जातो.

बदलायचं कसं? स्टेप बाय स्टेप

१. मशीन निर्धोक करा. इंजिन असेल तर किल्ली काढा आणि स्पार्क प्लगची वायर सोडवा. विजेची मोटर असेल तर मेन स्विच बंद करा.

२. ताण सैल करून पट्टा काढा. जाड हातमोजे आणि गॉगल हवाच. गुंडाळलेला पट्टा स्प्रिंगसारखा उसळून उघडतो, त्यामुळे आजूबाजूला कुणी उभं नको.

३. चाकं बघून घ्या. काही मशीनच्या चाकांवर रबरी बेल्ट असतो. तो झिजला असेल तर आधी तो बदला. नाहीतर पट्टा चाकावर जागा बदलेल आणि गाइडची सगळी सेटिंग वाया जाईल.

४. फोटो काढा, खुणा करा. कोणता बोल्ट किती बाहेर होता, हे मोबाइलमध्ये असू द्या.

५. गाइड बाहेर काढा. गंजलेल्या बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून थोडा वेळ थांबा. जबरदस्ती केली तर सेटिंगचे बारीक बोल्ट तुटतात.

६. जुनी बेअरिंग काढा. आधी सर्क्लिप, मग पुलर किंवा प्रेस. रोलरचं भोक पुसून स्वच्छ करा. आत भुशाचा कण राहिला तरी बेअरिंग तिरकी बसते.

७. नवी बेअरिंग दाबून बसवा. इथे नियम एकच आहे: जी कड घट्ट बसवायची, तिच्यावरच दाब द्यायचा. रोलरच्या भोकात बसवताना बाहेरच्या कडेवर, शाफ्टवर बसवताना आतल्या कडेवर. उलटं केलं तर दाब गोळ्यांवरून जातो, आत बारीक खड्डे पडतात आणि कोरी बेअरिंगही लवकर जाते. प्रेस नसेल तर तेवढ्याच मापाचा पाइपचा तुकडा ठेवून हलक्या हाताने ठोका.

८. फिरवून बघा. रोलर मोकळा फिरायला हवा, पण डुलायला नको. मग गाइड जागेवर लावा.

खरं काम इथून सुरू होतं

बरेच जण इथेच थांबतात आणि नवा पार्ट टाकूनही फळी वाकडी निघते. झिजलेल्या रोलरपेक्षा नव्याचा व्यास मोठा असतो, त्यामुळे जुनी सगळी मापं बदलतात. आता पट्टा चढवून, ताण देऊन, चाकांवर नीट चालवून या गोष्टी क्रमाने लावायच्या:

- खालचा दाब: दोन्ही गाइड पट्ट्यापासून दूर ठेवून पट्ट्याची उंची मोजा. मग प्रत्येक रोलर तेवढाच खाली आणा. साधारण ६ मिमी, किंवा मॅन्युअलमध्ये असेल तेवढा.
- कल: सगळ्यात जास्त फळ्या इथेच बिघडतात. दातांना न लागता पट्ट्यावर अडकेल अशी छोटी सरळ पट्टी लावा. तिच्या पुढच्या आणि मागच्या टोकापासून मशीनच्या बेडपर्यंतचं अंतर मोजा. दोन मापांत ०.७५ मिमीपेक्षा जास्त फरक नको. दात खाली झुकले असतील तर ब्लेड लाकडात बुडत जातं, वर असतील तर चढत जातं.
- आडवा कोन: वरून पाहिलं तर रोलर पट्ट्याला तिरका दिसायला नको. तिरका असला की पट्ट्याची पाठ फ्लँजवर चढते.
- मागचं अंतर: आधी सांगितलेलं फ्लँजचं १.५ ते ३ मिमी अंतर पुन्हा तपासा.
- खालचे ठोकळे असतील तर: फीलर गेजने फट लावा. ०.२ ते ०.२५ मिमी, म्हणजे साध्या कागदाचे दोन थर.

शेवटी उंचीची मोजपट्टीही तपासा. पट्टा आता आधीपेक्षा थोडा खाली असू शकतो. बेडपासून पट्ट्यापर्यंत प्रत्यक्ष मोजा आणि मोजपट्टीचा काटा त्याप्रमाणे सरकवा. हे राहिलं तर ओंडक्यातली शेवटची, तळाची फळी चुकीच्या जाडीची निघते.

चाचणी कशी घ्यायची?

पहिला काप सागाच्या महागड्या ओंडक्यावर नको, हलक्या लाकडावर घ्या. फळी चार कोपऱ्यांत आणि मध्ये मोजा.

- एक कड पूर्ण लांबीभर जाड आणि दुसरी पातळ: पट्टा बेडला समांतर नाही, दोन गाइडची उंची तपासा.
- काप सुरू होतानाच ब्लेड चढतं किंवा बुडतं: गाइडचा कल तपासा.
- फक्त गाठींजवळ लाट येते: ब्लेडची धार, ताण आणि पुढे ढकलण्याचा वेग तपासा.

थोडं काम झाल्यावर मशीन बंद करून रोलरला हात जवळ नेऊन बघा. एक रोलर दुसऱ्यापेक्षा खूप गरम लागला, तर बेअरिंग तिरकी बसलीय किंवा दाब जास्त झालाय.

आयुष्य वाढवायचं असेल तर

काम संपलं की रोलरवरचा भुसा आणि चीक काढा. कापण्याआधी ओंडक्यावरची माती-वाळू झाडून टाका. ब्लेडवर पाणी गरजेपुरतंच ठिबकू द्या. चिकट लाकूड असेल तर त्यात भांडी घासायच्या लिक्विड साबणाचे थोडे थेंब टाकतात.

काही जण पाण्याऐवजी डिझेल वापरतात. ते टाळा. आगीचा धोका आहेच, शिवाय डिझेलने चाकांवरचं रबर खराब होतं. म्हणूनच कंपन्या ज्वलनशील द्रव वापरू नका असं स्पष्ट सांगतात.

अशी मशीन महाराष्ट्रात आणता येते का?

रील बघून हा प्रश्न अनेकांना पडतो. मशीन विकत मिळणं वेगळं आणि ती चालवायची परवानगी मिळणं वेगळं. भारतात आरा गिरण्यांवर कडक नियंत्रण आहे. १९९६ च्या गोदावर्मन खटल्यातल्या आदेशापासून सर्वोच्च न्यायालयाने त्यावर लक्ष ठेवलं, २००२ मध्ये नव्या आरा गिरण्यांना पूर्वपरवानगीची अट घातली, आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने लाकूड आधारित उद्योगांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यामुळे पैसे भरण्याआधी आपल्या भागातल्या वनविभागाच्या कार्यालयात चौकशी करणं शहाणपणाचं.

थोडक्यात

आधी चांगलं ब्लेड लावून दोष कुठे आहे ते पक्कं करा. बेअरिंग गेली की रोलर झिजला, ते वेगळं ओळखा. पार्ट जोडीने बदला आणि बोल्ट आवळून झाल्यावर मोजपट्टी हातात घ्या. कारण फळी सरळ निघणार की नाही, हे नव्या पार्टइतकंच त्याच्या सेटिंगवर अवलंबून असतं.