सगळ्यांनाच दरमहा पैसे दिले तर? ‘सार्वत्रिक मूलभूत उत्पन्न’ म्हणजे काय

नेवासा तालुक्यातल्या एका घरात लाडकी बहीण योजनेचे 1500 रुपये येतात, शेजारच्या घरात येत नाहीत, कारण दारात चारचाकी आहे. ट्रॅक्टर असेल तर चालतो! सार्वत्रिक मूलभूत उत्पन्नात (यूबीआय) ही छाननीच नसते. गरीब-श्रीमंत, कामावर असलेला-नसलेला, प्रत्येकाला ठरावीक रक्कम, विनाअट.

जुलै 2024 पासून लागू झालेली लाडकी बहीण म्हणजे यूबीआय नव्हे. ती 21 ते 65 वयाच्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या महिलांसाठी आहे. पण यूबीआयवरचा वाद तिच्यावरून नीट समजतो. आधी भराभर अर्ज मंजूर झाले, मग अपात्र नावं निघाली, त्यात पुरुषही सापडले. 2025 मध्ये सगळ्यांच्याच मागे ई-केवायसी लागलं. ऊसतोडीसाठी काही महिने गाव सोडणाऱ्या बाईला अशी कागदपत्रं जास्त जड जातात. छाननीत नको ते आत येतात आणि गरजू बाहेर राहतात, हा यूबीआयच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा.

फुकट पैशाने लोक आळशी होतात का? मध्य प्रदेशात ‘सेवा’ संघटनेने युनिसेफच्या मदतीने काही गावांत प्रयोग केला. प्रौढांना महिना 200, नंतर 300 रुपये दिले. लोकांनी काम सोडलं नाही, उलट स्वतःच्या शेतातलं काम वाढलं. अर्थात एवढ्या रकमेत कोण काम सोडणार, हेही खरंच.

खरी अडचण खर्चाची. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या 11.24 कोटी. प्रत्येकाला 1500 रुपये म्हटले तर वर्षाला दोन लाख कोटींहून जास्त लागतील. राज्याचा 2025-26 चा अर्थसंकल्पच सुमारे सात लाख कोटींचा आहे.

महाराष्ट्राने 1972 च्या दुष्काळात वेगळी वाट धरली होती: रोजगार हमी. 1977 मध्ये तिचा कायदा झाला. ज्याला गरज तो कामावर येतो, त्यामुळे चाळणी आपोआप लागते. पण म्हातारे, आजारी, बाळंतिणी खडी फोडायला कशा जाणार?

केंद्राच्या 2016-17 च्या आर्थिक पाहणीत यूबीआयवर आख्खं प्रकरण होतं. पैसा उभा करण्यासाठी सध्याच्या योजना आणि अनुदानं कमी करण्याचा विचार त्यात आहे. तिथे रेशनचा प्रश्न येतो. बाजारात गहू महागला तरी खात्यात 1500 च येणार. रेशनवरचा गहू मात्र किलोवर मोजून मिळतो.