वत्सगुल्माचे राज्य आणि अजिंठ्याचा डोंगर

वाशीम म्हटले की आपल्याला बालाजीचे देऊळ आठवते. अजिंठा आठवत नाही. मध्ये बुलढाणा जिल्हा पसरलेला, मग आठवावा तरी कसा! पण वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. १९३९ साली येथे सापडलेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटाने या शाखेचा इतिहास उजेडात आला. याच शाखेचा हरिषेण राजा पाचव्या शतकात झाला आणि त्याच्या काळात अजिंठ्याची बरीचशी लेणी कोरली गेली.

एवढे काम झाले कसे? एकट्या राजाने सारा डोंगर अंगावर घेतला नाही. सोळावे लेणे त्याचा मंत्री वराहदेव याने दिले. तेथील शिलालेखात वाकाटकांची वंशावळच आहे. सतरावे एका मांडलिक राजाने, सव्विसावे बुद्धभद्र नावाच्या भिक्षूने. म्हणजे ज्याने त्याने आपापल्या ऐपतीचा तुकडा उचलला.

आता एका लेण्यात डोकावू. आपण घर पायापासून बांधतो. लेणे मात्र छतापासून खाली उतरते, आपल्या विहिरीसारखे. छत आधी पुरे केले की त्यासाठी परांची उभारावी लागत नाही. पायाखालचा न फोडलेला खडकच परांचीचे काम करतो. पाथरवट खडकात शेजारी शेजारी चर खोदीत आत शिरत, मधल्या कण्या मागाहून फोडीत. खांबांच्या जागी ओबडधोबड चौकोनी ठोकळे सोडलेले असत, नक्षी नंतर. खांब कुठे राहणार हे पहिल्या घावाआधीच ठरवावे लागे, कारण एकदा काढलेला दगड पुन्हा बसत नाही. हिशेब खरा अवघड तो इथे! शेवटी माती, शेण, भाताचा तूस यांचा गिलावा, वर चुन्याचा हात, आणि मग चित्रकार.

हे आपल्याला कळते ते अपुऱ्या लेण्यांमुळे. हरिषेणानंतर वाकाटकांचे राज्य कोसळले, देणाऱ्यांचे हात आखडले आणि काम जागच्या जागी थांबले. शिक्षकबंधूंनो, मुलांची सहल नेलीत तर पहिल्या लेण्यातील पद्मपाणी दाखवालच. पण चोविसाव्या लेण्याकडेही न्या. बेत मोठा होता, पण काम अर्धेच राहिले. तयार भाग आणि नुसता तासलेला खडक तेथे शेजारी शेजारी दिसतात, आणि छिन्नीचे घाव मुलांना बोटाने दाखविता येतात.