दोन आठवडे उघडें दार

पुष्कळ हातांनीं चालविलेलें काम केव्हां थांबवावें, हा प्रश्न जुनाच आहे. छापखान्यांत अखेरचें प्रूफ मंजूर झाल्यावर लेखकानें कितीहि सुंदर परिच्छेद पाठविला, तरी तो पुढील आवृत्तीची वाट पाहतो. चुकलेलें अक्षर मात्र दुरुस्त करून घेतात. संगणकाच्या प्रणाली लिहिणाऱ्यांनाहि हाच नियम लागू आहे. प्रणाली लोकांच्या हातीं देण्यापूर्वीं तिच्या मुख्य शाखेंत नवी भर घालण्यास बंदी होते. केवळ दोषनिवारण चालू राहतें. ही बंदी कशी घालावी, हें उमगण्यास लिनक्सच्या कर्त्यांना बरींच वर्षें लागलीं.

हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यानें १९९१ सालीं लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. आज घरोघरच्या अँड्रॉइड फोनांत तोच गाभा आहे. त्यांतील एखादी चूक किती दूरवर पोहोंचेल, याची कल्पना यावरून यावी.

देशोदेशींचे प्रोग्रामर या गाभ्यांत भर घालूं लागले. तेव्हांची रीत अशी होती कीं, २.४ सारखी सम अंकाची शाखा लोकांच्या वापरासाठीं स्थिर ठेवावयाची आणि २.५ सारख्या विषम अंकाच्या शाखेंत नवे प्रयोग करावयाचे. २.४ ही आवृत्ति जानेवारी २००१ मध्यें निघाली. २.५ मध्यें नवी भर घेण्याचें दार ३१ ऑक्टोबर २००२ रोजीं लागलें, पण २.६ बाहेर पडावयास डिसेंबर २००३ उजाडला. पुढचें दार केव्हां उघडेल, हें कोणासच ठाऊक नसे. साहजिकच मुदत जवळ आली कीं अर्धेंमुर्धें कामहि आंत लोटण्याची धांदल उडे, आणि तें निस्तरतां निस्तरतां बंदीचा काळ लांबे. इकडे लिनक्स पुरविणाऱ्या कंपन्यांना इतकें थांबवत नसे. त्या नव्या सोयी आपापल्या जुन्या आवृत्तींत परस्पर बसवीत. त्यामुळें एकाच गाभ्याचीं निरनिराळीं रूपें होऊं लागलीं.

जुलै २००४ मध्यें कॅनडांतील ओटावा येथें प्रमुख मंडळी जमली व निराळी प्रयोगशाखा तूर्त उघडूं नये असें ठरलें. पुढील वर्षीं तेथेंच नवी मर्यादा आंखली गेली: आवृत्ति निघतांच दोन आठवडे दार उघडें, नंतर तें बंद, व प्रत नीट होईपर्यंत दोषनिवारणच. या दोन आठवड्यांस ‘मर्ज विंडो’ असें नांव पडलें. ऑक्टोबर २००५ मधील २.६.१४ ही आवृत्ति या रीतीनें तयार झाली. त्याच वर्षींच्या एप्रिलांत टोरवाल्ड्सनें लिहावयास घेतलेल्या ‘गिट’ या साधनामुळें हजारों बदल थोड्या दिवसांत एकत्र करणेंहि सुकर झालें.

आतां नवी आवृत्ति सुमारें नऊ-दहा आठवड्यांनीं निघते. बंदी सैल झालेली नाहीं. परंतु ज्याचें काम राहिलें, त्यास दोन महिने थांबावें लागतें, दोन वर्षें नव्हे. म्हणून अपुरें काम रेटण्याचें कारण उरत नाहीं. दार पुन्हां केव्हां उघडणार हें ठाऊक असलें, म्हणजे तें लागतांना उंबरठ्यावर चेंगराचेंगरी होत नाहीं.