क्वासीक्रिस्टलातील सच्छिद्रता

अणूंची मांडणी नियमबद्ध असूनही तीच रचना ठरावीक अंतराने पुन्हा येत नाही, अशा घन पदार्थाला क्वासीक्रिस्टल म्हणतात. तो वितळताना व गोठताना त्यात बारीक भोके पडतात, मिटतात किंवा आकार बदलतात. डॅन शेक्टमन यांनी १९८२ मध्ये झपाट्याने थंड केलेल्या ॲल्युमिनियम-मँगनीज मिश्रधातूत हे द्रव्य प्रथम पाहिले. त्यासाठी त्यांना २०११ चे नोबेल मिळाले. भारतात बंगळूर व वाराणसी येथे १९८५ पासूनच यावर मोलाचे काम झाले.

भोकांची पहिली दोन कारणे कोणत्याही ओतकाम करणाऱ्याच्या ओळखीची आहेत. पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूरसारख्या औद्योगिक पट्ट्यात पोरोसिटी, ब्लो होल, श्रिंकेज हे शब्द रोजच्या बोलण्यातले आहेत. गोठताना ॲल्युमिनियम सुमारे ६ ते ७ टक्के आकसते. शेवटी गोठणाऱ्या भागापर्यंत धातूचा रस पोचला नाही, तर तिथे पोकळी राहते. दुसरे कारण हायड्रोजन. वितळबिंदूपाशी द्रव ॲल्युमिनियममध्ये तो जितका विरघळतो, त्याच्या जवळपास विसावा भागच घनात मावतो; उरलेला बुडबुडा होऊन अडकतो. हा वायू ओलाव्यातून येतो, म्हणून जून ते सप्टेंबरच्या किनारी दमट हवेत भंगार, पळी आणि साचा आधी तापवून कोरडे करणे फार महत्त्वाचे. एक्स-रे फिल्मवर वायूचे भोक गोल काळा ठिपका दिसते, तर आकुंचनाचे फाटके, फांद्या फुटल्यासारखे.

क्वासीक्रिस्टलाचे वेगळेपण तिसऱ्या प्रकारच्या भोकात दिसते. ॲल्युमिनियम-पॅलेडियम-मँगनीज (सुमारे ७० टक्के अणू ॲल्युमिनियमचे) या क्वासीक्रिस्टलात तापवून थंड करताना अणूंच्या रिकाम्या जागा एकत्र येतात आणि काही मायक्रोमीटरची पोकळी बनते. तिला बारा सपाट पंचकोनी बाजू असतात. पंचसममितीच्या अक्षाला (ज्याभोवती एका फेऱ्यात मांडणी पाच वेळा तशीच दिसते) लंब असलेली पृष्ठे सर्वांत कमी ऊर्जेची असल्याने भोक तोच आकार धरते. भोक म्हणजे काहीच नसणे, पण इथे त्यातूनच आतली मांडणी वाचता येते. मला या विषयात हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते.

फ्रान्समधील ग्रेनोबल येथे सिंक्रोट्रॉन या कणत्वरकाच्या तीव्र एक्स-किरणांखाली हे द्रव्य गोठताना प्रत्यक्ष पाहिले गेले. वाढणारी सीमा गुळगुळीत नसते, तिला सपाट पैलू पडतात. पैलूंच्या कोपऱ्यांत ॲल्युमिनियमने समृद्ध द्रव अडकला, तर पुढे तिथे आकुंचनाची पोकळी राहते. वितळताना उलटे घडते. पोकळीची भिंत द्रव झाली की पृष्ठताणामुळे पंचकोनी कोपरे विरून ती गोल होते. आत वायू नसेल, तर द्रव शिरून ती बुजते. वायू असेल, तर बुडबुडा वर सरकतो किंवा पृष्ठावरील ऑक्साइडच्या सायीखाली अडकतो.

क्वासीक्रिस्टल सामान्य तापमानाला ठिसूळ असतात, त्यामुळे लहानशा भोकापासूनही तडा सुरू होतो. निर्वातात किंवा आर्गॉनमध्ये वितळवल्यास वायूची भोके कमी होतात. रिकाम्या अणुजागांची भोके मात्र त्याने टळत नाहीत. त्यासाठी थंड करण्याचा वेगच सांभाळावा लागतो.